वळचणीचा हिशेब

बँकेत असताना मी किती गृहकर्जे मंजूर केली याची मोजदाद ठेवली नाही. पण अर्जाबरोबर काय काय लागत असे, ते अजूनही झोपेतून उठवून विचारले तरी सांगेन. सात-बाराचा उतारा, बिनशेतीचा दाखला, वकिलाचा अहवाल, मंजूर नकाशा, इंजिनिअरचे अंदाजपत्रक, पगाराचा दाखला आणि दोन जामीनदार. बांधकाम पाहायला मी जातीने जात असे. जोते झाले की एक हप्ता, स्लॅब पडला की दुसरा. एवढ्या वर्षांत एकाही कर्जदाराला मी विचारले नाही, की बाबा रे, तुझ्या छपरावर पडणारे पाणी जाणार कुठे? फॉर्मात तसा रकानाच नव्हता. आणि असलेल्या घराच्या डागडुजीसाठी कोणी कर्ज मागायला आला, तर त्याच्याकडे आम्ही जरा संशयानेच पाहत असू. नवे बांधणारा तो कर्तबगार आणि जुने राखणारा तो अडचणीतला, असा आमचा एक ठाम समज होता.

पाण्याचा तो प्रश्न मला पुढे माझ्याच घराने विचारला. तोपर्यंत उशीर झाला होता.

आमचे घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून दोन कोस आत. आजोबांनी 1938 साली बांधलेले. जांभ्याचे चिरे मातीत बसवलेले, वरून चुन्याचा गिलावा. ऐन आणि किंजळीचे वासे, पोफळीच्या रिपा. पुढे ओटी, मधे माजघर, आणि मागे जरा बुटक्या छपराचे स्वयंपाकघर. माजघराचे मागचे पाखे आणि स्वयंपाकघराचे पुढचे पाखे जिथे एकमेकांना भेटत, तिथे जस्ती पत्र्याची लांबलचक पन्हळ. ही पन्हळ नीट लक्षात ठेवा. पुढची सगळी कथा तिच्यापाशी येते.

माजघरावर मंगलोरी कौले होती. या कौलांचा कारखाना बासेल मिशनने 1865 साली मंगळूरला काढला आणि तिथून ती गलबतांत बसून पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदराबंदरांत उतरली. स्वयंपाकघरावर मात्र 1970 सालापर्यंत गावच्या कुंभाराचे नळेच होते. दरवर्षी अक्षय्यतृतीया झाली की शाकारणीवाले यायचे. चार गडी आणि त्यांचा म्होरक्या. म्होरक्याला सगळे गाव आबा म्हणे. आबा कधी छपराकडे बघत घरात शिरले नाहीत. आधी माजघरात येऊन जमिनीवर उकिडवे बसत आणि खालून वर बघत. जिथून उजेडाची तिरीप येई तिथे खडूने जमिनीवर फुली मारत. मग वर चढत. वर चढल्यावर पाय ठेवायचा तो कौलाच्या खालच्या कडेवर, जिथे खाली रीप असते. मधे पाय दिलात तर कौल गेलेच. काढलेले प्रत्येक कौल ते बोटाच्या पेराने वाजवून बघत. खणखणीत वाजले तर परत बसवायचे, बद्द वाजले तर बाजूला. शेवाळ खरवडायचे, माकडांनी सरकवलेली कौले ओळीत आणायची, आढ्यावरचे कोने उचलून पुन्हा चुन्यात बसवायचे. आणि सर्वांत शेवटी पन्हळ.

पन्हळीला आबा दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. फणसाची पाने, आंब्याचा मोहोर, उंदरांनी ओढून नेलेल्या काथ्या, खारींची घरटी, कुठून कुठून आलेली माती, सगळे हाताने उपसून काढत. मग माझ्या आईकडून घागरभर पाणी मागून घेत आणि पन्हळीच्या वरच्या टोकाला ओतत. पाणी कुठेही न थांबता खालच्या टोकाला आले, की मगच बिडी पेटवत. एकदा मी विचारले, "आबा, एवढं काय त्यात?" ते म्हणाले, "पान्याला जायाची वाट दाव, म्हंजे ता घरात इचारीत येनार नाय."

आढ्याचे पाणी वळचणीला जायचेच, असे आपण म्हणतो आणि त्यातून माणसांविषयी काहीबाही अर्थ काढतो. आबांसाठी तो साधा सरळ अर्थाचा मजकूर होता. पाणी वळचणीला जाते. प्रश्न एवढाच, की वाटेत काय काय लागते.

आता जरा बँकवाल्याचा हिशेब करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. आमच्याकडे मोसमात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. घराचे छप्पर अंदाजे 110 चौरस मीटर जागा झाकते. म्हणजे चार महिन्यांत त्यावर सव्वातीन लाख लिटरहून अधिक पाणी येते. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर तेहेतीस टँकर. यातले जवळजवळ निम्मे, दोन पाखी मिळून, त्या एका वीतभर रुंद पन्हळीत उतरते. आषाढातल्या एखाद्या दिवशी शंभर मिलिमीटर पडला, आणि कोकणात त्याला कोणी अतिवृष्टी वगैरे म्हणत बसत नाही, तर त्या एका दिवसात पाच हजार लिटर. आणि ही पन्हळ एका फणसाच्या पानाने तुंबू शकते. एकच पान आडवे अडकते, त्याच्यामागे दुसरे, मग माती, आणि चार दिवसांत तिथे इवलेसे धरण तयार होते. तुंबलेले पाणी मग वर चढते, पत्र्याच्या कडेवरून उलटते आणि थेट भिंतीच्या माथ्यावर पडते. भिंत मातीत बसवलेली. बाहेरून तोंडावर पाऊस बसला तर गिलावा सोसतो. पण डोक्यातून पाणी शिरले तर आतली माती विरघळून जाते आणि बाहेर पत्ता लागत नाही.

आमच्या घरात पाण्याला दुसरी वाट सापडली ती धुराड्याने. मुळात आमच्या स्वयंपाकघराला धुराडे नव्हतेच. चुलीचा धूर कौलांच्या फटींतून आपला आपण निघून जाई. बायकांच्या डोळ्यांची आणि छातीची त्यात जी वाट लागत असे, तिचे कौतुक मी करणार नाही. ऐंशीच्या दशकात सरकारने निर्धूर चुलींचा कार्यक्रम देशभर राबवला, त्यात 1987 साली आमच्याकडेही तशी चूल आली. तिच्याबरोबर सिमेंटचा एक नळ. तो छपरातून बाहेर काढायचा होता. बसवायला आलेल्या माणसाने नेमकी जागा निवडली ती पन्हळीच्या हातभर वर. तिथले एक कौल फोडले, नळ वर काढला, आणि भोवती सिमेंट थापून दिले. चूल उत्तम चालली. काकूचा खोकला कमी झाला. सिमेंट एक वर्ष टिकले.

ते टिकणारच नव्हते, हे मला फार नंतर कळले. लाकूड पावसात फुगते, उन्हात आकसते. कौल तापते, निवते. सगळे छप्पर असे आपल्या चालीने हलत असते. सिमेंटला हलणे ठाऊक नाही, ते तडकते. केसाएवढी चीर पडली की नळावरून ओघळणारे पाणी तिथून आत येते, वाशाला धरून खाली सरकते आणि थेंब पडतो तो भलत्याच ठिकाणी, चार हात लांब. मग आपण त्या थेंबावरचे कौल बदलत बसतो. शिवाय उतारावर मधेच उभा असलेला नळ म्हणजे ओढ्यातला धोंडा. त्याच्या वरच्या अंगाला पाला साचतो, पाला पाणी धरतो, आणि चीर रात्रंदिवस पीत राहते.

वडील 1994 साली गेले. त्यानंतर घरात काकू एकटी. आम्ही तिघे भाऊ मुंबईत आणि ठाण्यात. 1995 च्या मेमध्ये काकूचे कार्ड आले, की आबा थकले आहेत, शाकारणीला दुसरी माणसे बघावी लागतील, धुराड्यापाशी गळते आहे आणि पन्हळीचा पत्रा दोन ठिकाणी कुजला आहे. सगळे मिळून बावीसशे रुपये सांगतात. बावीसशे. तिघांत वाटले तर प्रत्येकी साडेसातशेसुद्धा होत नव्हते. पण दादाचे म्हणणे, आधी वाटण्या करू, मग ज्याच्या वाटणीला मागची बाजू येईल तो करील. धाकट्याचे म्हणणे, मी तिथे राहणारच नाही तर मी का द्यावे? आणि माझे म्हणणे? मी बँकेतला शहाणा. मी म्हणालो, रीतसर तीन ठिकाणांहून अंदाजपत्रके मागवू. कोकणात मे महिन्याच्या शेवटी तीन ठिकाणची अंदाजपत्रके! त्यात मृग उजाडला. काकूने धुराड्याखाली पातेले ठेवले.

1996 सालीही तेच झाले. त्या वर्षीचे कार्ड माझ्याजवळ आहे. त्यात गळतीविषयी एकच ओळ आहे, बाकी सगळे माझ्या मुलीच्या परीक्षेविषयी. मागून मागून माणूस कंटाळतो आणि मग मागायचे थांबतो. आपण समजतो, प्रश्न मिटला.

1997 च्या श्रावणात एका रात्री माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत बसली. भिंतीच्या माथ्यावरचे आडवे लाकूड, ज्यावर दोन्ही छपरांचे वासे टेकले होते, ते आतून भुसा झाले होते. वासे सुटले, पन्हळ तुटली, आणि स्वयंपाकघराचे छप्पर गुडघे टेकावेत तसे खाली आले. मंगलोरी कौल एकेक दोन-अडीच किलोचे असते. शंभर चौरस फुटांना दीडशे लागतात. खाली कोणी असते तर काय झाले असते, हे सांगायला नको. काकू तिच्या नेहमीच्या जागी, चुलीजवळच्या उबेला झोपलेली नव्हती. त्या बाजूला अंथरूण भिजते म्हणून आठ दिवसांपूर्वीच ती ओटीवर झोपायला गेली होती. गळतीनेच तिला वाचवले, असे नातेवाईक म्हणाले. मला हे वाक्य आजही ऐकवत नाही.

तिला आम्ही ठाण्याला आणले. पुढची चार वर्षे ती माझ्याकडे होती. तिने कधी शब्दाने बोल लावला नाही. फक्त मे महिना लागला, की सकाळी चहाच्या वेळी विचारायची, "पन्हळ साफ केलीस का रे?" सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर कसली पन्हळ! पण पहिल्या वर्षीच मी गच्चीवर गेलो. पाणी उतरण्याच्या चार भोकांपैकी दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी बुजलेली आणि एकावर कोणीतरी तुळशीची कुंडी ठेवलेली. शहरातल्या वाचकांनी हा लेख कोकणापुरता आहे असे समजू नये. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची गळती दुरुस्त करणे हे संस्थेचे काम आहे. तरी आपल्याकडे गच्चीची गळती हा शेवटच्या मजल्यावाल्याचा खासगी आजार मानला जातो. वार्षिक सभेत दिवाळीच्या रोषणाईवर अर्धा तास चर्चा होते. गच्चीचा विषय "वेळ झाल्यामुळे" पुढे ढकलला जातो. मी स्वतः सहा वर्षे चिटणीस होतो, त्यामुळे कोण ढकलतो तेही मला माहीत आहे.

घर पुन्हा उभे करायला एक्केचाळीस हजार लागले. बावीसशेच्या जागी. ते मात्र तिघांनीही निमूटपणे दिले. काम करणारा सुतार तरुण होता, पण आबांच्या हाताखाली शिकलेला. पत्र्याच्या पन्हळीला त्याने दहा फुटांना पाऊण इंच असा उतार दिला आणि ती पूर्वीपेक्षा दुप्पट रुंद केली; निम्मे पाणी एका जागी आणायचे तर हात आत जाऊन फिरला पाहिजे, असे त्याचे साधे माप. धुराडे त्याने पन्हळीपासून उचलून आढ्याजवळ नेले. आढ्यापाशी वरून येणारे पाणी थोडेच असते; जितके खाली जावे तितके ते वाढत जाते. नळाभोवती सिमेंट नाही. पत्र्याची गळपट्टी. तिची वरची कड वरच्या कौलांच्या खाली सरकवलेली आणि खालची कड खालच्या कौलांच्या वर काढलेली. सगळी विद्या एवढीच आहे. वरचे नेहमी खालच्यावर आले पाहिजे, म्हणजे पाण्याला शिरायला कुठे तोंडच सापडत नाही. नळाच्या माथ्यावर टोपी, आणि नळाच्या वरच्या अंगाला पत्र्याचीच एक लहान दुपाखी पाठ, म्हणजे पाला अडकत नाही, पाणी दोन्ही बाजूंना फुटते. त्या वर्षापासून तिथे थेंब आलेला नाही.

आता या धुराड्याची एक गंमत सांगतो. उज्ज्वला योजना 2016 साली आली, पण तिच्या आधीच आमच्या वाडीत बहुतेक घरी गॅस पोहोचला होता. चुली विझल्या. ते चांगलेच झाले. पण धूर जाताना जी चाकरी करत होता, ती कोणाच्या ध्यानात आली नाही. पिढ्यान्पिढ्या तो वाशांना काजळी चढवत होता, लाकूड कोरडे ठेवत होता, भुंग्याला आणि वाळवीला दूर राखत होता. बंद घरातले लाकूड लवकर जाते याचे हे एक कारण. आम्ही आता मे आणि नोव्हेंबरमध्ये गेलो की चार दिवस मुद्दाम चूल पेटवतो. सुना नाक मुरडतात. पाणी मीच तापवतो, त्यामुळे तक्रारीला फार जागा नाही. जिथे चूल कायमची गेली आहे तिथे माझे सांगणे असे, की धुराडे नुसते तसेच सोडू नका. वापर नसलेल्या नळाची टोपी एखाद्या वादळात उडते आणि वर्षभर कोणाला कळत नाही. नळ काढून टाका आणि तिथे अखंड कौले बसवा. सिमेंटचा गोळा थापून तोंड बंद करू नका. ते पुन्हा 1987 साल होईल.

कोकणात हल्ली या सगळ्यावर एक उपाय निघाला आहे, तो म्हणजे कौले उतरवून रंगीत पत्रे घालणे. मला तो आवडत नाही. पण न आवडण्याची सगळी कारणे खरी नसतात, हेही कबूल करतो. शाकारणीला माणूस मिळत नाही. मिळाला तर मजुरी परवडत नाही. माकडे कौलांची दरवर्षी चाळण करतात. म्हातारी माणसे एकटी राहतात. अशांनी पत्रे घातले तर त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार मुंबईत बसलेल्या मला नाही. फक्त पत्रा घातला की देखरेख संपली, हा समज खोटा आहे. 2020 च्या 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा आमच्या वाडीत कौलेही उडाली आणि पत्रेही उडाले. कौले उडालेल्या घराला भोके पडली. पत्रे उडालेली घरे उघडी पडली. त्यातून टाळेबंदी, ताडपत्री मिळेना, आणि चार दिवसांवर मृग. पत्र्यालाही पन्हळ लागते, पत्र्याचे स्क्रूही गंजतात आणि त्यांचे रबर उन्हाने फुटते. बघायला वर जावेच लागते.

खरे तर कौल की पत्रा हा वादच मला दुय्यम वाटतो. घरे पडतात ती सामाईकपणाने. सात-बारावर अकरा नावे, आणि पावसाळ्यात घरात एकही माणूस नाही. प्रत्येकाला वाटते, दुसरा कोणी बघत असेल. नाहीतर आपण खर्च करायचा आणि वाटा मागायला सगळे येणार. वाटण्या होतील तेव्हा होतील. पाऊस खातेफोडीसाठी थांबत नाही. आम्ही 1998 साली तिघांच्या नावे एक बचत खाते काढले. दरवर्षी पाडव्याला प्रत्येकाने ठरलेली रक्कम टाकायची, आणि त्यातला पैसा शाकारणी, पन्हळ आणि धुराडे सोडून कशालाही काढायचा नाही. गणपतीच्या मखरालाही नाही. यावरून दोनदा भांडणे झाली. खाते चालू आहे. बँकेत मी हजारो खाती उघडली असतील, पण त्यातले हे एक मला माझे वाटते. आणि अकरा नावांपैकी एकाने तरी पहिला मोठा पाऊस घरात बसून बघावा, असा माझा आग्रह आहे. मे महिन्यात छप्पर कोरडे असते. ते खरे बोलते ते जूनमध्ये. पहिल्या पावसात माजघरात उकिडवे बसून वर बघितले, तर दहा मिनिटांत जे कळते ते कोणत्याही इंजिनिअरच्या अहवालात येत नाही.

दादा आता ऐंशीच्या घरात आहे; त्याला शिडी बंद. मलाही मुलीने बंदी घातली आहे. गेल्या मेमध्ये दादाचा मुलगा पुण्याहून आला. दिवसभर संगणकापुढे बसणारा माणूस, पण हौसेने वर चढला. मी खालून त्याला पाय कुठे ठेवायचा ते सांगत होतो आणि तो "हो काका, हो काका" म्हणत नेमका मधे ठेवत होता. चार कौले फुटली. मग जमले. पन्हळीतून त्याने दोन घमेली पाला काढला, एक चेंडू काढला, आणि कोणाचा तरी चश्मा. हा चश्मा माकडाने कोणाचा पळवला असेल यावर चहाच्या वेळी बराच खल झाला.

शेवटी मी सुनेकडून घागर मागून घेतली आणि दोरीने वर चढवली. त्याने ती वरच्या टोकाला ओतली. मी खालच्या टोकाशी, वळचणीखाली, घड्याळ हातात घेऊन उभा.

"काका, आलं का?"

"आलं. पण मधे कुठेतरी थांबून आलं. अजून एकदा हात फिरव."